गुडघेदुखीवर घरच्या साधनांनी भौतिकोपचार

डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हे दोन्ही तालुके नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाले. पश्चिमेकडे डहाणू, चिंचणी, बोर्डी व घोलवडचा सागरकिनारा आणि चिकूच्या वाड्या; पूर्वेकडे कासा, गंजाड, सायवन, उधवा, झरी अशी चढ-उताराची गावे व त्यांचे विखुरलेले पाडे. या भागात वारली, कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी आदी आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. शेती, वनोपज, मासेमारी, बागांतील मजुरी आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवरील स्थलांतर यांवर येथील बहुसंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. ती सर्व कामे पायांच्या बळावर होतात. कार्यालयात काम करणाऱ्या माणसाचा गुडघा दुखू लागला तर त्याची गैरसोय होते. पाड्यावरील शेतमजुराचा गुडघा दुखू लागला तर त्याची मजुरी बुडते. घरातील स्त्रीचा गुडघा आखडला तर पाणी, सरपण, चूल आणि शेत या चारही ठिकाणी अडचण उभी राहते. तरीही गुडघेदुखी हा आजार म्हणून क्वचितच मोजला जातो. “वय झाले, आता असेच चालायचे,” असे म्हणून तो सोसला जातो, आणि फारच असह्य झाला की दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या जातात.

वस्तुतः बहुतेक प्रकारच्या गुडघेदुखीवर परिणामकारक उपाय उपलब्ध आहे. तो म्हणजे गुडघ्याला आधार देणाऱ्या स्नायूंना नियमित व्यायामाने बळकटी आणणे. त्यासाठी लागणारी साधने साधी असून बहुतेक प्रत्येक घरात ती सापडतात. या उपायाची माहिती पाड्यापर्यंत पोचावी, या दृष्टीने पुढील विवेचन केले आहे.

श्रमांचे स्वरूप आणि गुडघ्यावरील भार

गुडघ्यावर येणारा भार केवळ शरीराच्या वजनाइतका नसतो. सपाटीवर चालताना प्रत्येक पावलागणिक तो वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट होतो. पायऱ्या किंवा उतार उतरताना तो तीन ते चार पटींपर्यंत जातो. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेत गडावर जाणाऱ्या वयस्क भाविकांना चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. त्याचे कारण हेच आहे.

उकिडवे बसताना गुडघा पूर्णपणे दुमडतो आणि त्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. अशा स्थितीत थोडा वेळ बसण्याने निरोगी गुडघ्याला अपाय होत नाही. मात्र वर्षानुवर्षे रोज अनेक तास तसे बसावे लागले, तर झीज होण्याचा संभव वाढतो. बेणणी, भातकापणी, गवतकापणी, बागेतील चिकूची प्रतवारी, खाडीकाठी मासळीची निवड आणि वीटभट्टीवर विटा थापणे ही कामे बहुधा याच स्थितीत केली जातात. भाताच्या लावणीत, म्हणजे स्थानिक बोलीतील आवणीत, चिखलात रुतलेला पाय वारंवार उपसावा लागतो व गुडघ्याला पीळ बसतो.

शहरात गुडघेदुखीच्या रुग्णाला पहिला सल्ला वजन कमी करण्याचा दिला जातो. जेथे शरीर स्थूल आहे तेथे तो योग्यच आहे. एक किलो वजन घटले, तर चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे संशोधनात आढळून आले आहे. परंतु पाड्यावरील अनेक स्त्री-पुरुष मुळातच कृश असतात. त्यांच्याबाबत प्रश्न अंगावरील मेदाचा नसून डोक्यावरील ओझ्याचा असतो. पंधरा लिटर पाण्याचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलोंहून अधिक वजन. त्यावर दुसरा हंडा चढला, किंवा त्याच्या जागी सरपणाची मोळी आली, की तेवढ्या जादा भाराचीही पावलागणिक पटीत वाढ होते. कृश शरीरात मांडीचे स्नायूही दुबळे असतात. ओझे अधिक आणि आधार कमी, अशी ही स्थिती आहे. म्हणून या भागात “वजन कमी करा” या सल्ल्यापेक्षा “मांडी बळकट करा आणि ओझे विभागा” हा सल्ला अधिक उपयुक्त ठरतो.

गुडघ्याची रचना

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठ्या सांध्यांपैकी एक. वरून मांडीचे हाड, खालून नडगीचे हाड आणि पुढे वाटी, अशा तीन हाडांचा हा सांधा आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. दोन हाडांमध्ये कूर्चेच्याच दोन चकत्या गादीसारख्या बसविलेल्या असतात. सांध्याच्या पिशवीत थोडासा चिकट द्रव असतो आणि तो वंगणाचे काम करतो.

कूर्चेचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रौढपणी तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील द्रवातून होते, आणि हा द्रव कूर्चेत शिरण्यासाठी सांध्याची हालचाल आवश्यक असते. भार पडला की कूर्चा किंचित दाबली जाते, भार हटला की ती पुन्हा द्रव शोषून घेते. यावरून हे स्पष्ट होते की गुडघा अति राबविणे जसे घातक, तसे तो पूर्णपणे निश्चल ठेवणेही अहितकारक आहे. दुखणाऱ्या गुडघ्याला संपूर्ण विश्रांती द्यावी, हा समज म्हणूनच अपुरा आहे. काही दिवस काम हलके करावे; हालचाल मात्र थांबवू नये.

मांडीच्या पुढील बाजूस चार भागांचा एक मोठा स्नायू असतो. तो वाटीमार्गे नडगीच्या हाडाला जोडलेला असून पाय सरळ करणे, उठणे, चढणे आणि उतरताना शरीर सावरणे ही कामे करतो. पाऊल जमिनीवर पडताना बसणाऱ्या धक्क्याचा बराचसा भाग हाच स्नायू झेलतो. गुडघा दुखू लागला की माणूस त्या पायाचा वापर टाळतो. वापर टळला की स्नायू रोडावतो. स्नायू रोडावला की धक्का थेट सांध्यावर बसतो आणि दुखणे वाढते. हे दुष्टचक्र तोडणे, हा भौतिकोपचाराचा मुख्य हेतू होय.

दुखणे किती व्यापक

ग्रामीण महाराष्ट्रात सांधेदुखीचा पद्धतशीर शोध प्रथम पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घेण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या कार्यक्रमानुसार १९९६ मध्ये तेथे घरोघरी जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. दर शंभर प्रौढांमागे सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू वा हाडे यांच्या दुखण्याचा त्रास असल्याचे त्या पाहणीत आढळले. खेड्यातील माणूस काटक असतो, त्याला सांधेदुखी होत नाही, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली.

भौतिकोपचाराचे स्वरूप

भौतिकोपचार, म्हणजेच प्रचलित भाषेत फिजिओथेरपी, ही व्यायाम, उष्णता, थंडावा, विद्युत्प्रवाह व हस्तकौशल्य यांच्या साहाय्याने करावयाची उपचारपद्धती आहे. या शाखेच्या शिक्षणाचा आपल्या देशातील प्रारंभ मुंबईत झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास पोलिओने पंगू झालेल्या मुलांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तीव्र होता. त्या काळी, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली.

रुग्णालयातील भौतिकोपचार विभागात शॉर्टवेव्ह डायथर्मी, अल्ट्रासाऊंड, विद्युत्स्पंदन देणारी उपकरणे, मेणाचा शेक, स्थिर सायकल आणि मांडीच्या व्यायामाची वजन लावलेली खुर्ची अशी साधने असतात. यांतील शेक व विद्युत् उपकरणांच्या कार्याविषयी गैरसमज आढळतो. यंत्राचा शेक घेतला म्हणजे गुडघा बरा झाला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अशा उपकरणांनी वेदना व ताठरपणा काही काळ कमी होऊ शकतो, पण स्नायूंना बळ येत नाही. ते व्यायामानेच येते. यंत्रावाचून केलेल्या व्यायामाने गुण येऊ शकतो. व्यायामावाचून घेतलेल्या शेकाचा गुण फार काळ टिकत नाही. डहाणू-तलासरीच्या दृष्टीने ही आशादायक गोष्ट आहे, कारण यंत्र पाड्यावर नेता येत नाही, व्यायाम नेता येतो.

जगातील अनुभवही हेच दर्शवितो. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या एका कार्यक्रमात गुडघा व खुबा यांच्या झिजेच्या रुग्णांना आजाराची माहिती देऊन सुमारे सहा आठवड्यांत बारा व्यायामसत्रे दिली जातात. पुढे हा कार्यक्रम इतर अनेक देशांनी स्वीकारला. झीज झालेली कूर्चा व्यायामाने पुन्हा वाढत नाही, हे खरे. तथापि वेदना कमी होतात, चालण्याचा वेग सुधारतो आणि अनेकांची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते.

साधने घरची

कमी खर्चाच्या स्थानिक साधनांचा धडा या परिसराने देशाला पूर्वीच दिला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे कार्य केले. महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी त्यांनी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया यांचा उपयोग केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार त्यांच्या कार्यातून रुजला. भौतिकोपचाराबाबतही तोच विचार अनुसरता येण्यासारखा आहे.

गुंडाळलेला पंचा किंवा जुने लुगडे गुडघ्याखाली ठेवण्याची गुंडाळी म्हणून चालते. जाड कापडाच्या पिशवीत अर्धा किलो वाळू भरून तोंड शिवले की घोट्यावर बांधण्याचे वजन तयार होते; ताकद वाढेल तशी वाळू एक किलोपर्यंत वाढविता येते. सायकलच्या जुन्या ट्यूबची सुमारे दीड मीटर लांबीची पट्टी ताणण्याच्या रबरी पट्ट्याचे काम देते. ओटा किंवा भक्कम खुर्ची, भिंत, घराची एक पायरी आणि बांबूची काठी एवढ्यांत साधनांची यादी पूर्ण होते.

काठीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावयाची असते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात असावी आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे टाकावी. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेत मूठ येईल इतकी काठीची उंची ठेवावी. बांबूच्या टोकाला जुन्या टायरचा तुकडा घट्ट बसविल्यास ओल्या जमिनीवर ती घसरत नाही.

नित्य करावयाचे व्यायाम

पुढील व्यायाम झिजेमुळे होणाऱ्या सर्वसाधारण गुडघेदुखीसाठी आहेत. प्रारंभी भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडून एकदा तपासणी करून घेणे इष्ट.

१. गुंडाळी दाबणे : पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवावी. मांडी आवळून गुडघ्याने गुंडाळी खाली दाबावी. पाच अंक मोजेपर्यंत दाब धरावा, मग सैल सोडावे. असे दहा वेळा करावे. दुखणे तीव्र असतानाही हा व्यायाम बहुतेकांना जमतो.

२. सरळ पाय उचलणे : उताणे निजून एक पाय गुडघ्यात दुमडावा. दुसरा पाय सरळ ठेवून जमिनीपासून सुमारे एक फूट उचलावा, पाच अंक मोजावे व सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा करावे.

३. टाच सरकविणे : उताणे निजून टाच जमिनीवरून हळूहळू नितंबाकडे सरकवावी व परत न्यावी. यामुळे सांध्याची हालचाल मोकळी राहते.

४. बसून पाय सरळ करणे : ओट्यावर पाय सोडून बसावे. एक पाय पुढे सरळ करून पाच अंक धरावा व सावकाश खाली आणावा. दोन आठवड्यांनी घोट्यावर वाळूची पिशवी बांधावी.

५. कुशीवर पाय उचलणे : एका कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून उचलावा. खुब्याच्या बाजूचे स्नायू यामुळे बळकट होतात व चालताना गुडघा आत झुकत नाही.

६. बसणे-उठणे : खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. प्रारंभी हातांचा आधार घेण्यास हरकत नाही. आठ ते दहा वेळा करावे. दैनंदिन जीवनात सर्वाधिक उपयोगी पडणारा हा व्यायाम आहे.

७. पोटरी ताणणे व टाचा उचलणे : भिंतीवर हात टेकून एक पाय मागे ठेवावा. मागची टाच जमिनीला टेकलेली ठेवून पुढे झुकावे व तीस अंक मोजावे. त्यानंतर भिंतीच्या आधाराने दोन्ही टाचा दहा वेळा उचलाव्या.

८. पायरी चढणे : बळ आल्यावर घराच्या एका पायरीवर एक पाय ठेवून चढावे व उतरावे. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम पाळावा.

ज्यांना रबरी पट्टी वापरावयाची असेल, त्यांनी तिचे एक टोक ओट्याच्या किंवा खाटेच्या पायाला व दुसरे घोट्याला बांधून चौथा व्यायाम करावा. मात्र हे टप्पे घाईने ओलांडू नयेत.

पथ्ये आणि मर्यादा

व्यायाम करताना श्वास रोखू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी. व्यायामाच्या वेळी थोडे दुखणे स्वाभाविक आहे. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरले तर व्यायामाचे प्रमाण योग्य समजावे. दुखणे अथवा सूज वाढलेली राहिल्यास वजन किंवा संख्या कमी करावी. हलके व्यायाम रोज करावे. वजन बांधून करावयाचे व्यायाम एक दिवसाआड करावे.

गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. चार दिवस व्यायाम करून “काही फरक नाही” म्हणून सोडून देणे, हे अपयशाचे सर्वांत मोठे कारण आहे. आवणीपूर्वी राब भाजून जमीन तयार केली जाते, त्याप्रमाणे पावसाळी कामांसाठी गुडघेही आधी तयार करावे लागतात. वीटभट्टीवरून कुटुंबे परतली की वैशाखात व्यायामास प्रारंभ करावा. म्हणजे आषाढात चिखलात उतरेपर्यंत मांडीला बळ आलेले असते.

जुनाट ताठरपणावर गरम पाण्याच्या कापडाचा पंधरा मिनिटे शेक आणि ताज्या सुजेवर थंड पाण्याच्या पट्ट्या उपयोगी पडतात. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी मात्र शेक घेऊ नये. भाजल्याचे कळत नाही व जखम होते. काही ठिकाणी दुखऱ्या सांध्यावर डाग देण्याची जुनी रीत आहे. तिने वेदनेचे कारण दूर होत नाही, उलट जखम चिघळण्याचा धोका असतो. गुडघ्याखाली उशी घेऊन रात्रभर झोपणेही टाळावे, कारण त्यामुळे गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो.

वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांना इजा पोचते. उन्हात काम करून शरीरातील पाणी कमी झालेले असताना हा धोका अधिक असतो.

कामाच्या पद्धतीत सुधारणा

व्यायामाने बळ वाढते. कामाची पद्धत बदलल्याने भार घटतो. दोन्ही गोष्टी बरोबरीने व्हाव्यात. प्रतवारीचे व निवडण्याचे काम जमिनीवर उकिडवे बसून करण्याऐवजी पाटावर, लहान स्टुलावर किंवा उंच फळीपाशी उभे राहून करता येते. दर अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करावे. चूल दीड-दोन फूट उंच ओट्यावर घेतल्यास वारंवार उठण्या-बसण्याचा त्रास वाचतो. दोन हंड्यांची एक खेप करण्यापेक्षा एकेका हंड्याच्या दोन खेपा गुडघ्यास सोयीच्या. घरापर्यंत नळाचे पाणी आले तर हे ओझेच नाहीसे होते. पाणीपुरवठा योजनेचा हा लाभ सहसा नोंदला जात नाही. शौचालयाच्या भिंतीला धरण्यासाठी एक भक्कम दांडी बसविली, अथवा भांड्यावर ठेवण्याची खुर्ची वापरली, तर वृद्धांची मोठी अडचण दूर होते.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे

गुडघ्याचे प्रत्येक दुखणे झिजेचे नसते. पुढील लक्षणे आढळल्यास व्यायामावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे : तापासह गुडघा लाल होऊन सुजणे, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, गुडघा एकाच स्थितीत अडकणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे, अनेक आठवड्यांची सूज आणि त्याबरोबर वजन घटणे, जे सांध्याच्या क्षयरोगाचे लक्षण असू शकते, तसेच हातापायांच्या लहान सांध्यांत सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा, जो आमवाताकडे निर्देश करतो. मूल लंगडत असेल तर ते खेळताना पडले असेल, असे गृहीत धरून थांबू नये.

आदिवासी भागात आणखी एका शक्यतेचा विचार करणे अगत्याचे आहे. सिकलसेल आजारात हाडांना होणारा रक्तपुरवठा खंडित होऊन तीव्र वेदना होतात. खुब्याच्या हाडाला इजा झाली तर दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते. विद्यार्थी किंवा तरुण व्यक्ती वारंवार हाडे व सांधे दुखण्याची तक्रार करीत असेल, तर तिची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. आश्रमशाळांतील शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष पुरविणे उचित ठरेल.

उपलब्ध सुविधा

रुग्णाने प्रथम जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर अथवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तेथून आवश्यकतेनुसार तलासरीचे ग्रामीण रुग्णालय किंवा डहाणू व कासा येथील उपजिल्हा रुग्णालये येथे पाठविले जाते. २०१० मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात भौतिकोपचाराचा अंतर्भाव आहे. खाजगी उपचार घेताना संबंधित व्यक्ती महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणीकृत आहे किंवा कसे, हे पाहून घ्यावे.

साधनांच्या खर्चासाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. ६५ वर्षे व त्यावरील वयाच्या, दोन लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठ नागरिकांना उपयुक्त साधने घेण्यासाठी एकवेळ तीन हजार रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद तीत करण्यात आली. गुडघ्याचा पट्टा, काठी, घडीचा वॉकर व कमोड खुर्ची यांचा तीत समावेश आहे. अर्जाबाबतची प्रचलित स्थिती समाजकल्याण कार्यालयातून जाणून घ्यावी. पट्टा हा चालताना व काम करताना वापरण्याचा आधार आहे. दिवसभर बांधून ठेवल्यास व व्यायाम टाळल्यास स्नायू अधिकच दुबळे होतात, हेही लाभार्थ्यांना समजावून सांगावे.

पंचायत व शाळा यांचे कार्य

पाड्यावरून तालुक्याला जाऊन येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी व प्रवासखर्च. आठवड्यातून तीन वेळा भौतिकोपचारासाठी जाण्यास सांगितले, तर रुग्ण पहिल्या आठवड्यानंतर येत नाही. यात दोष रुग्णाचा नसून व्यवस्थेच्या आखणीचा आहे. म्हणून तपासणी रुग्णालयात आणि व्यायाम गावात, अशी वाटणी करणे व्यवहार्य ठरते.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा नको. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने समुदाय आरोग्य अधिकारी व आशा सेविका यांच्या साहाय्याने अशा रुग्णांची यादी करावी. भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णालयात कोणत्या दिवशी भेटतात याची चौकशी करून तो वार ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. एकदा तपासणी झालेल्या रुग्णांसाठी अंगणवाडीत अथवा समाजमंदिरात आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास सामुदायिक व्यायाम ठेवता येईल. एकट्याने व्यायाम सुटतो. चारचौघींबरोबर तो टिकतो. व्यायामाची चित्रे शाळेतील विद्यार्थ्यांकडून वारली शैलीत भिंतीवर रंगवून घेतल्यास वाचता न येणाऱ्यांनाही ती कळतील, आणि आजीचा व्यायाम नातवंडे करवून घेतील.

डहाणू व तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. येथील ग्रामपंचायतींना पेसा कायद्याच्या अनुषंगाने आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट मिळतो व आरोग्य हा त्याच्या खर्चाच्या बाबींपैकी एक आहे. ग्रामसभेने ठराव केल्यास काही भक्कम खुर्च्या, काठ्या व वाळूच्या पिशव्या यांची व्यवस्था होऊ शकते. ग्रामपंचायत कार्यालय, रास्त भाव दुकान व आरोग्य उपकेंद्र यांच्या पायऱ्यांना कठडा आणि रांगेत थांबणाऱ्यांसाठी एक बाक, एवढी सोयही अनेकांचे कष्ट हलके करील.

या भागातील माणसाची सारी मालमत्ता म्हणजे त्याचे धड हात आणि धड पाय. ते धड ठेवण्यासाठी एक पंचा, वाळूची एक पिशवी, बांबूची एक काठी आणि रोजचा अर्धा तास पुरेसा आहे. ही माहिती रुग्णालयाच्या भिंतींमध्ये न राहता पाड्यावरील प्रत्येक ओटीपर्यंत जाईल, तर येत्या पावसाळ्यात अनेकजणी आवणीला न लंगडता उतरतील.